टेबलावरचे गाव आणि टेबलाबाहेरची वाडी

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतील तरुण कामाला लागतात. कुणी दीक्षाभूमीचा स्तूप उभारतो, कुणी चैत्यभूमी उभारतो, कुणी चवदार तळ्याची पायरी न् पायरी पुठ्ठ्यात कापून काढतो. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, त्यावर हळीव पेरतात, मावळे मांडतात. म्हणजे मोठी जागा लहान करून उभी करण्याची कला आपल्याकडे नवी नाही. फरक एवढाच की आपला देखावा पाहण्यासाठी असतो आणि चार दिवसांनी तो मोडला जातो. याच कलेचा एक प्रकार असा आहे, की उभारलेल्या छोट्या गावात फासे टाकून, टेपने अंतर मोजून दोन बाजू प्रत्यक्ष डाव खेळतात. बुद्धिबळाचा पट सपाट असतो. या पटावर टेकडी असते, ओढा असतो, घरे असतात, समुद्र असतो. परदेशात हा छंद हजारो लोक जोपासतात. आपल्या मुलामुलींनी तो का करावा, कमी पैशांत कसा करावा, आणि तो करताना कोणता एक प्रश्न टाळू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

खेळाचे मूळ

या खेळाचा जन्म प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागात झाला. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी एक खास टेबल बनवले. त्यावर नदी, रस्ता, गाव, जंगल असे चौकोनी तुकडे होते आणि ते हवे तसे जुळवता येत. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, खेळाचे पक्के नियम लिहिले आणि प्रशियाच्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले. १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहून हा खेळ सामान्य घरांत नेला. वेल्स स्वतः शांततावादी विचारांचे होते. खोट्या शिपायांचे युद्ध खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरे, ज्यांना लढण्याची खुमखुमी आहे त्यांनी जमिनीवर खेळणी मांडून ती जिरवावी, असा त्यांचा सूर होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

आपले गाव कोणते?

परदेशी छंदिष्ट बहुधा नेपोलियनच्या लढाया किंवा नॉर्मंडीचा किनारा उभारतात. ते त्यांचे आहे. आमच्या वस्तीत बरीचशी कुटुंबे कोकणातील. म्हणून विहाराच्या सभागृहात मे महिन्याच्या सुट्टीत जेव्हा पंधरा-सोळा मुलामुलींना घेऊन बसलो, तेव्हा किनाऱ्यावरचे गाव घ्यायचे ठरले. दापोली तालुक्यातील हर्णै बंदर आणि त्याच्या समोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग डोळ्यांपुढे ठेवला.

निवड करण्यामागे कारण होते. एप्रिल १७५५ मध्ये या ठिकाणी एक लढाई झाली, जिचा निकाल एका गवती छपराने लावला. सुवर्णदुर्ग तेव्हा तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यात होता. पेशवे आणि मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी यांनी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली होती. कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज आणि बरोबर आणखी लहान जहाजे घेऊन आला. प्रथम पश्चिमेकडून मारा झाला. पण त्या बाजूचा तट कातळाचा, तो दाद देईना. मग जहाजे बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आली. तिथून टाकलेला एक गोळा किल्ल्यातील शाकारलेल्या घरावर पडला. उन्हाळ्याचे दिवस, पेंढा कोरडा ठणठणीत. आग पसरली आणि दारूचे कोठार उडाले. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने लिहून ठेवले आहे की त्यानंतर पुरुष, बायका आणि मुले अशी सुमारे हजार माणसे किल्ल्यातून बाहेर पळाली आणि होड्यांत बसून किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याकडे निघाली. परंतु त्यांना वाटेतच पकडण्यात आले.

जेम्सला या विजयाने मोठी कीर्ती मिळाली. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक मनोरा बांधला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. तो मनोरा आजही उभा आहे. होड्यांतून पळालेल्या त्या बायकामुलांचे मात्र कुठे स्मारक नाही.

एक इंच म्हणजे सहा फूट

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या छंदात बाहुल्यांची अनेक मापे आहेत. आम्ही बहात्तरास एक हे प्रमाण घेतले, कारण मुलांना हिशेब सोपा पडतो: एक इंच म्हणजे सहा फूट. साडेपाच फुटांचा माणूस इंचापेक्षा किंचित कमी, सहा फुटी दरवाजा एक इंच, चोवीस बाय अठरा फुटांचे घर चार बाय तीन इंच. एवढे लक्षात ठेवले की कोणत्याही वस्तूचे माप काढता येते. सहावीतली मुलेसुद्धा भागाकार चुकली नाहीत; जे गणित वहीत कंटाळवाणे वाटते ते इथे आपसूक होते.

टेबलाचे सर्वसाधारण माप सहा फूट बाय चार फूट असते. आमच्याकडे खोल्या लहान. म्हणून चार बाय तीन फुटांच्या दोन फळ्या केल्या. शेजारी ठेवल्या की सहा बाय चार होतात आणि खेळ संपला की कपाटावर चढवता येतात. सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवुड पुरते, पण खालून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी, नाहीतर रंगाच्या आणि गोंदाच्या ओलाव्याने फळी वाकते.

थर्माकोल वापरू नये. २०१८ सालापासून महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी आहे, आणि तो नसला तरी काही अडत नाही. किराणा दुकानातील रिकाम्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा एकावर एक चिकटवला की टेकडी तयार होते. त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा फेविकॉलमध्ये कालवून थापावा. वाळल्यावर चाळलेली वाळू आणि लाकडाचा भुसा भुरभुरावा. वापरून वाळवलेली चहाची पूड ही उत्तम माती होते. आमचा सगळा खर्च वहीत मांडला होता: प्लायवुड वगळून साडेआठशे रुपये, त्यातले निम्मे रंग आणि ब्रश यांत गेले.

बाजारातले परदेशी शिपाई महाग पडतात. आम्ही जाड कागदावर शिपाई, खलाशी आणि गावकरी दोन्ही बाजूंनी चितारले, कापले आणि पुठ्ठ्याच्या छोट्या पाटावर उभे केले. ज्या मुलांचा हात चित्रकलेत चांगला आहे त्यांना असे काम द्यावे. एरवी शाळेत त्यांची कुणी दखल घेत नाही.

घरे, झाडे आणि समुद्र

कोकणातले घर आज आपल्या डोळ्यांपुढे येते ते चपट्या मंगलोरी कौलांचे. परंतु मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. १७५५ च्या गावात ती कौले ठेवली तर चूक होईल. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरावर नळीची कौले, बाकीच्यांच्या घरावर भाताचा पेंढा किंवा माडाच्या झावळ्यांचे झाप. नळीच्या कौलांसाठी नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलावा. आतल्या नाळ्या उघड्या पडतात, त्यांना तांबूस रंग द्यावा. पेंढ्यासाठी सुतळी उसवून तिचे धागे एकसारखे कापावेत आणि खालून वर अशा ओळींनी चिकटवावेत, म्हणजे खरे छप्पर शाकारतात तसेच. भिंती दोन प्रकारच्या: श्रीमंतांच्या जांभ्या दगडाच्या, गरिबांच्या कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काट्या उभ्या करून वर शेणमाती लिंपलेल्या. जांभ्यासाठी विटकरी रंगात बारीक भुसा मिसळला की दगडाची ती भोके भोके हुबेहूब दिसतात.

छपरे चिकटवून टाकू नयेत. ती डब्याच्या झाकणासारखी उचलता आली पाहिजेत, कारण खेळात माणसे घरात शिरतात. वाड्यांभोवतीचे जांभ्याचे गडगे जरूर करावेत. त्यांच्या आड शिपाई लपतो, आणि बाहुली आडोशाला आहे की उघड्यावर यावर फाशाचा निकाल बदलतो. पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, बाहुलीचा पाट मावेल इतक्या रुंद ठेवाव्यात.

माडाच्या बुंध्यासाठी खराट्याचे चार-पाच हीर एकत्र बांधून त्यावर कागदी पट्टी गुंडाळावी. पोफळीसाठी दोन हीर पुरतात. पाने हिरव्या कागदाची, दोन्ही कडांना कातरीने बारीक कापलेली. खरा माड साठ फूट उंच धरला तर टेबलावर दहा इंच होतो आणि हात घालायला अडचण होते. म्हणून सहा-सात इंचांवर थांबावे. प्रत्येक झाड लोखंडी वायसरवर उभे केले की ते सरकवता येते. किनाऱ्यावर सुरूची झाडे लावू नयेत. ती आज सगळीकडे दिसतात, परंतु सुरूची लागवड एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. केवडा चालेल.

समुद्र निळा रंगवण्याचा मोह टाळावा. कोकणचा किनारा जवळून पाहिला तर पाणी मातकट हिरवे असते. पुळणीला लागून वाळूचा रंग, मग शेवाळी, मग खोल पाण्याकडे काळपट. रंग वाळल्यावर टिश्यू पेपर चुरगाळून पातळ फेविकॉलने चिकटवावा, त्याच्या सुरकुत्या म्हणजे लाटा. वरून वॉर्निशचे तीन हात. गलबते आणि गुराबा पाण्याच्या रेषेला सपाट कापलेल्या असाव्यात, म्हणजे त्या पाण्यात बुडाल्यासारख्या दिसतात. भरती-ओहोटीसाठी ओल्या वाळूच्या रंगाची एक सुटी पट्टी करावी. अमावस्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर साधारण दुपारी बाराच्या सुमारास भरती असते आणि दररोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कोळी बांधव तिथीवरून ही वेळ तोंडी सांगतात. खेळात कोणत्या तिथीला हल्ला करायचा हे ठरवले की होडी पुळणीवर कुठवर येईल ते ठरते.

टेबलावर जागा नाही

येथवर सर्व आनंदाने चालले होते. मग खरी अडचण आली.

बाहुल्यांचे प्रमाण घेतले तर सहा फुटांचे टेबल म्हणजे प्रत्यक्षात अवघे ४३२ फूट. सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून पाव मैलाच्या आसपास आहे. तेवढे अंतर खरे दाखवायचे तर नुसत्या पाण्यासाठी अठरा फुटांचे टेबल लागेल. म्हणून या छंदात सर्वत्र एक युक्ती वापरतात. माणूस आणि घर एका प्रमाणात ठेवतात, जमीन मात्र त्याहून कितीतरी आकसून घेतात. दहा घरांची आळी दोन घरांत दाखवतात. पाव मैल पाणी दीड फुटात बसवतात. युक्ती योग्यच आहे. पण आकसताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे कुणीतरी ठरवावे लागते.

आमच्या मुलांनी बंदर ठेवले, बाजार ठेवला, देऊळ आणि मशीद ठेवली, माडापोफळींच्या बागा ठेवल्या, कोळीवाडा ठेवला, चढणीवर कुणब्यांची दोन घरे ठेवली. फळीची कड आली. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, “काका, आपली वाडी कुठे?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, “आता जागा नाही. ती टेबलाच्या बाहेर आहे असं समजू.”

त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हते. तो आपलाच मुलगा. पण सभागृहात एक आजी बसल्या होत्या, नातवाला न्यायला आलेल्या. त्या म्हणाल्या, “बाळा, बरोबर बोललास. गावानं पण असंच समजून घेतलं होतं.” मग त्यांनी स्वतःच्या गावाची मांडणी बोटाने फळीवर दाखवली. देवळापासून किती लांब, विहीर कोणाची, पाण्याला कोणत्या वाटेने जायचे, पावसात कोणता ओहोळ आडवा यायचा. मुले गप्प राहून ऐकत होती. पुस्तकातला नकाशा आणि आजीचे बोट यांत किती अंतर असते ते त्या दिवशी त्यांनी पाहिले.

आपल्या पूर्वजांचे या गावातले काम काय होते? वेशीवर राखण, निरोप पोहोचवणे, सरकारी माणसाला वाट दाखवणे, शिवेच्या तंट्यात शीव कुठे आहे ते सांगणे. गावाची हद्द ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्यालाच हद्दीबाहेर राहावे लागे. या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; ती वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो २०२० साली. टेबलावरून वाडी गाळणे ही म्हणूनच नुसती जागेची अडचण राहत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडगुलाबी चित्रावर जो कठोर प्रहार केला, तो आठवावा. सुंदर गावाचे चित्र बहुधा काहीतरी गाळूनच सुंदर झालेले असते.

आम्ही तोडगा काढला. दोन फूट बाय दीड फुटाची तिसरी फळी घेतली आणि बिजागरीने मुख्य टेबलाला जोडली. तिच्यावर वाडीची आठ घरे, एक चिंच, ओहोळ आणि गावामागून बंदराकडे उतरणारी आडवाट बसवली. मुलांनी तिला ‘जोडफळी’ नाव दिले. गंमत अशी की नंतरच्या डावांत सर्वांत महत्त्वाची जागा तीच ठरली. कारण बंदराच्या पिछाडीला जाणारी वाट तिच्यावरून जाते, आणि जो खेळाडू तिच्याकडे दुर्लक्ष करतो त्याची पिछाडी उघडी पडते.

पंचशील आणि फासे

एका ज्येष्ठ उपासकांनी मला सरळ विचारले, “आपण पंचशील घेतो, पाणातिपाता वेरमणी म्हणतो, आणि विहारात युद्धाचा खेळ मांडता?” प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक पालकाने तो विचारावा.

पहिला डाव आम्ही साधा खेळलो. गोळा पडला की फासा टाकायचा: कौलारू घर फक्त सहा पडले तर पेटते, पेंढ्याचे चार, पाच किंवा सहा पडले तरी पेटते, आणि वाऱ्याच्या दिशेला दोन इंचांच्या आत दुसरे घर असेल तर पुढच्या पाळीत तेही पेटते. इंग्रज आणि पेशवे यांची बाजू जिंकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग जिने आधी वाडीचा प्रश्न विचारला होता तीच मुलगी जळालेली छपरे मोजू लागली. अकरा घरे जळाली होती. त्यांतली कोळ्यांची चार, कुणब्यांची दोन, आपली पाच. कौलारू घर एकही जळले नव्हते. नियमात कुठेही जात लिहिलेली नव्हती. फक्त छपराचा प्रकार लिहिला होता. गरिबीत आणि अस्पृश्यतेत आग पहिली कुणाच्या घराला लागते हे त्या मुलांना भाषण न देता समजले.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. गावकऱ्यांच्या तीस बाहुल्या केल्या: म्हातारी माणसे, पोर कडेवर घेतलेल्या बाया, जाळे विणणारे कोळी, घागर घेतलेल्या मुली. डाव संपल्यावर जितके गावकरी सुखरूप असतील तितके गुण दोन्ही बाजूंना मिळतात. आणि ज्याच्या गोळ्याने घर पेटले त्याचे गुण जातात. किल्ला जिंकूनही डाव हरता येतो. एका नियमाने मुलांचे खेळणे पालटले. तोफ डागण्याआधी ती वाऱ्याची दिशा पाहू लागली, आधी माणसांना होड्यांत बसवू लागली, पांढरे निशाण घेऊन बोलणी करू लागली.

हे मोजणे आपल्या परंपरेतले आहे. सम्राट अशोकाने कलिंग जिंकल्यावर तेराव्या शिलालेखात काय कोरले? एक लाख मारले गेले, दीड लाख माणसे बाहेर नेली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली. जे लढलेच नाहीत त्या गृहस्थांचे आणि त्यांच्या आप्तांचे दुःखही त्याने नोंदले. विजयाच्या लेखात पराजितांचे दुःख मोजणारा राजा जगाच्या इतिहासात विरळा. त्याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या किनाऱ्यावरच्या सोपारा बंदरात सापडले आहेत. युद्धाचा खेळ खेळायचा तर अशोकासारखा हिशेब ठेवून खेळावा, एवढेच त्या उपासकांना मी सांगितले. ते पुढच्या रविवारी येऊन बसले आणि गावकऱ्यांच्या बाहुल्या राखण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

दुसरा डाव: दासगाव बंदर

किनाऱ्यावरचे गाव एकदा उभे राहिले की त्यात वेगवेगळे प्रसंग खेळता येतात. दापोलीत एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी होती आणि तिथे आपले अनेक निवृत्त सैनिक राहत. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी १८९० च्या दशकात सरकारकडे दाद मागितली. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले, बाल भीमरावाला घेऊन. म्हणजे या किनाऱ्याचा इतिहास आंग्रे, पेशवे आणि इंग्रज यांच्यापुरता संपत नाही.

आम्ही दुसरा डाव मांडला तो २५ डिसेंबर १९२७ चा. आदल्या मार्च महिन्याच्या २० तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले होते आणि परत निघालेल्या प्रतिनिधींवर गुंडांनी हल्ले केले होते. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले आपले जवान होते, बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी ते दोनशेहून अधिक सत्याग्रहींसह ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे निघाले, सावित्रीच्या खाडीकाठी दासगावला उतरले आणि तिथून पाच मैलांवरच्या महाडला सत्याग्रही चालत गेले. मंडपासाठी हिंदू जागा देईनात. फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्याच दिवशी, २५ डिसेंबरला, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम होता, म्हणून तेव्हा तळ्यावर जाणे तहकूब केले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला.

या डावात बंदर तेच, पाखाडी तीच, पुठ्ठ्याचे माड तेच. गलबतांच्या जागी आगबोट येते आणि काही घरांवर आता मंगलोरी कौले चढतात. एक बाहुली म्हणजे दहा माणसे, अशा एकवीस बाहुल्या. बंदूक एकही नाही. समोरच्या बाजूला पत्ते दिलेले असतात: अफवा, मुक्कामाला नकार, दुकाने बंद, दगडफेक. सत्याग्रहींनी रांग न मोडता संध्याकाळपर्यंत मंडप गाठायचा. हात उगारला की डाव हरला. मुलांना हा डाव तोफांच्या डावापेक्षा अवघड वाटला. दगड आल्यावर फासा न टाकता पुढे चालायचे, हे आठवीतल्या मुलाला फार जड जाते. पण डाव संपल्यावर त्याच मुलाने विचारले, “बाबासाहेबांना राग आला नसेल का हो?” या प्रश्नावर आमची चर्चा तासभर चालली.

पालकांना विनंती

आपली मुले मोबाईलवर युद्धाचे खेळ खेळतातच. तिथे घर जळते आणि पुढच्या क्षणी पडदा बदलतो; ते कुणाचे होते हे कुणी विचारत नाही. टेबलावरचे घर मुलाने स्वतः तीन संध्याकाळ बसून शाकारलेले असते. ते जळाल्याची लाल चकती त्यावर ठेवताना त्याचा हात थांबतो. त्या थांबण्यासाठी एवढा खटाटोप करायचा.

ज्यांच्या वस्तीत विहार आहे त्यांनी सुट्टीत एक कोपरा द्यावा. दोन फळ्या, खोक्यांचा पुठ्ठा, खराट्याचे हीर, सुतळी आणि चहाची पूड एवढ्यावर सुरुवात होते. गाव कोकणातले असो, देशावरचे असो की विदर्भातले, ते आपापले घ्यावे. तोफा आणि शिपाई शेवटी करावेत. त्याआधी घरातल्या आजी-आजोबांना टेबलापाशी बसवून विचारावे, आपली वाडी कुठे होती, पाणी कुठून आणायचे, वाट कोणती होती. ही माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्याकडचा नकाशा कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. तो पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. आणि टेबल अपुरे पडले, तर तिसरी फळी जोडावी.

जयभीम!